दुसरा हर्डल दूर होता जी

हर्डल्सची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, ड्युटी कुणालाच नको असते. अ‍ॅथलेटिक्स मीटच्या आदल्या दिवशी ऑफिशियल लोकांची मीटिंग होते ना, तिथे बघा, फिनिशला उभं राहायला सगळे तयार, लांब उडीच्या पिटाजवळ छत्रीखाली बसायला तयार, फोटो फिनिशच्या खोलीत कूलर असतो म्हणून तिथे तर वशिला चालतो, पण हर्डल्स म्हटलं की सगळे एकदम मोबाईलमध्ये डोकं घालतात. कारण ती सरळ सरळ हमाली आहे. आठ लेन, एका लेनमध्ये दहा हर्डल, म्हणजे ऐंशी. एकेक दहा किलोच्या वर. एकदा मांडून ठेवले आणि झालं असंही नसतं, पोरांची रेस झाली की पोरींच्या मापावर आणायचे, ती झाली की लहान गटाच्या मापावर, आणि हे सगळं माईकवाला "पुढची स्पर्धा ताबडतोब सुरू होत आहे" म्हणून ओरडत असताना.

मी नागपुरात एका शाळेत पीटी टीचर आहे, टेक्निकल ऑफिशियलची परीक्षा पास आहे, सुट्टीत बोलावलं की मीटला जाते. भत्ता म्हणाल तर पेट्रोलचे पैसे निघतात. पण मला हर्डल्स आवडतात, कॉलेजात स्वतः पळायची, म्हणजे पळायची म्हणण्यापेक्षा पडायची जास्त, गुडघ्यावर खुणा आहेत अजून.

तर ही गोष्ट गेल्या ऑक्टोबरातली. कुठलं मैदान, कुणाची मीट ते लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. त्या दिवशी मला हर्डल्स नाही, विंड गेज दिलं होतं. हे काम म्हणजे फिनिशपासून 50 मीटरवर, एक नंबर लेनच्या आतल्या बाजूला, 1.22 मीटर उंचीवर ते यंत्र लावायचं आणि स्टार्ट झाली की वारा मोजायचा. 100 मीटर धावण्याला 10 सेकंद मोजतात, 100 आणि 110 हर्डल्सला 13 सेकंद. पाठीमागचा वारा सेकंदाला 2 मीटरपर्यंत चालतो, त्याच्या वर गेला की टायमिंग रेकॉर्डला धरत नाहीत. आणि यात दयामाया नाही, 2.01 आलं तरी वरच्या आकड्याला नेऊन 2.1 च लिहायचं. लोकांना वाटतं मॅडम खुर्ची टाकून बसल्या आहेत मस्त. असू दे.

सकाळी पहिले मुलांची 110 मीटर हर्डल्स झाली, अंडर-20. पोट्टे जोशात होते, दोघंतिघं तेजस शिरसेचं नाव घेत होते, आणि घ्यावंच, देवगाव रंगारीचा पोरगा फिनलंडमध्ये जाऊन 13.41 पळून आला 2024 ला, सिद्धांत थिंगलायाचं 13.48 चं नॅशनल रेकॉर्ड मोडलं, म्हणजे जुना-नवा दोन्ही रेकॉर्डवाले आपल्या महाराष्ट्राचे. ती रेस संपली, त्याच्यानंतर लगेच मुलींची 100 मीटर हर्डल्स. एंट्री कमी होत्या म्हणून हीट, म्हणजे आधीची फेरी, नाही, डायरेक्ट फायनल, आठ मुली. पहिल्या दोघींना पुढच्या टीममध्ये घेणार होते.

आता इथे थोडं गणित आहे, कंटाळा आला तरी वाचा, सगळी भानगड त्यातच आहे. मुलांचा पहिला हर्डल स्टार्टपासून 13.72 मीटरवर असतो, मग दर 9.14 मीटरला एक. आकडे विचित्र वाटतात कारण मूळचं माप यार्डातलं आहे, पंधरा यार्ड आणि दहा यार्ड. मुलींचा पहिला 13 मीटरवर, मग साडेआठ साडेआठ मीटर, शेवटच्या हर्डलपासून फिनिशपर्यंत साडेदहा. ट्रॅकवर दोन्हीच्या खुणा वेगळ्या रंगाच्या, मुलांच्या निळ्या, मुलींच्या पिवळ्या. फिनिश एकच, स्टार्ट वेगळी. आता तुम्ही फिनिशकडून उलटं मोजलं तर मुलांचा दुसरा हर्डल येतो 87.14 वर आणि मुलींचा पहिला 87 वर. फरक 14 सेंटीमीटर! मुलांचा तिसरा 78 वर, मुलींचा दुसरा 78.5 वर, म्हणजे अर्धा मीटर. पुढे हे अंतर वाढत जातं, मीटरभर, पावणेदोन, अडीचच्या जवळ, तिथे चुकायचा प्रश्नच नाही, हर्डल उचलूनच न्यावा लागतो. पण सुरुवातीचे दोन फसवतात. निळ्या खुणेवर उभा असलेला हर्डल पिवळ्यावरच असल्यासारखा दिसतो, त्यातून पिवळा रंग आपल्या इकडच्या उन्हात उडालेला असतो.

हर्डल हलवणारी पोरं म्हणजे कॉलेजचे व्हॉलंटियर. त्यांनी काम वाटून घेतलं होतं, दोघं उंची कमी करत जाणार (मुलांची 99.1 सेंटीमीटर, मुलींची 83.8), चौघं हर्डल सरकवणार, दोघं खालची वजनं मागेपुढे करणार. ही वजनं फार महत्त्वाची, हर्डलला धक्का लागला तर तो पडला पाहिजे पण फुंकरीनेही पडायला नको, 3.6 ते 4 किलोच्या जोराने पडावा असा नियम आहे, आणि उंची बदलली की वजनाची जागा बदलावी लागते, नाही तर बुटका केलेला हर्डल जास्त घट्ट होऊन बसतो. तर हे सगळं चालू असताना, अर्ध्यात, पोहे आले. तर्रीचा डबा, चणे, कांदा, सगळं टेम्पोतून उतरलं आणि कुणीतरी ओरडलं की गरम आहेत तोवर खाऊन घ्या रे. पोरं सकाळी साडेपाचपासून उपाशी. मी त्यांना दोष देत नाही, मीही एक प्लेट मागवली होती. ते परत आले तेव्हा कोण कुठल्या लेनपर्यंत पोचलं होतं ते कुणालाच आठवत नसणार. आणि जे इनचार्ज होते, ज्यांनी शेवटी टेप घेऊन एकदा फिरायचं असतं, ते फिरले नाहीत. माईकवाला ओरडतच होता.

ऑन युवर मार्क्स. सेट. गन वाजली, मी यंत्र सुरू केलं.

मुलींच्या रेसमध्ये दोन हर्डलच्या मध्ये तीन पावलं, फक्त तीन, तालात. हर्डलच्या साधारण दोन मीटर आधी उडी, पलीकडे मीटरभरावर पाय टेकला की लगेच एक-दोन-तीन आणि परत वर. हर्डलरला समोरचा हर्डल खरं तर दिसत नसतो, म्हणजे बघायला वेळच नसतो, अंगाला माहीत असतं की तो आता येणार. पाच नंबर लेनमधली मुलगी पहिला हर्डल सगळ्यांच्या आधी ओलांडून गेली, हे मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. दुसऱ्याला काहीतरी बिघडलं. अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी-जास्त निघाली की माणूस कसा हबकतो, तशी ती हवेतच हबकली, मागचा गुडघा हर्डलवर आपटला, हर्डल पडायला पाहिजे तो पडलासुद्धा नाही, नुसता हलून तिथेच उभा. ती वाकडी पडता पडता सावरली, तोवर तिसरा हर्डल तिच्या छातीवर, तिथे तिने अक्षरशः उभी उडी मारली. तिथून पुढे मात्र परत तिचा ताल लागला, मला नवल वाटलं, पण तोपर्यंत रेस गेली होती. सहावी आली. चार नंबरवाली नागपूरची मुलगी पहिली आली, पहिल्यांदाच पंधरा सेकंदांच्या आत, तिच्या क्लबचे लोक नाचायला लागले. माझ्या यंत्रावर +1.3. म्हणजे वारा कायदेशीर. मी आकडा लिहून सही केली आणि पोह्यांकडे वळली.

प्रेक्षकांतून एक काका म्हणत होते की पाचवालीनं पाडायला नको म्हणून टाइम घालवला, पाडला की बाद होतात. काका, असं काही नाही, हाताने, अंगाने किंवा पुढच्या पायाच्या वरच्या बाजूने पाडला नाही तर दहाच्या दहा पडले तरी चालतात, वेळ जातो तो वेगळा.

आता खरी गोष्ट. प्लेट हातात घेऊन बघते तर ती मुलगी ट्रॅकवरच. स्पाइक्स काढलेले, हातात धरलेले, गुडघ्यातून रक्ताची एक रेघ मोज्यापर्यंत आलेली, आणि पाच नंबर लेनमध्ये पहिल्या हर्डलपासून दुसऱ्या हर्डलकडे टाचेला बोट लावून चालून राहिली आहे. एक पाऊल, त्याच्या बोटाला दुसऱ्याची टाच. ओठ हलत होते, मोजत होती. दुसऱ्यापर्यंत पोचली. मग शेजारच्या सहा नंबर लेनमध्ये गेली आणि तिथे परत पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत तसंच. मागून दोघं ओरडत होते, ए पोट्टी, बाहेर हो, हर्डल काढायचे आहेत. ती ऐकतच नव्हती.

मी प्लेट खुर्चीवर ठेवली आणि गेली.

"काय करून राहिली गं?"

"मॅडम, दुसरा हर्डल दूर होता जी."

"दूर म्हणजे?"

"पावलानं मोजला न. इथं साडेसदतीस येते. बाजूच्यात पस्तीस अन् थोडं."

मी तिच्या पायाकडे पाहिलं. चोवीसेक सेंटीमीटरचं पाऊल असेल. चोवीस गुणिले पस्तीस आणि थोडं, साडेआठ मीटर. चोवीस गुणिले साडेसदतीस, नऊ मीटर. माझ्या अंगावर काटा आला, खोटं सांगत नाही.

"तुला कसं माहीत पस्तीस यायला पाहिजे म्हणून?"

"आमच्याकडं टेप नाही न जी. मी अशीच लावते रोज."

भंडारा जिल्ह्यातलं गाव, जिल्हा परिषद शाळेच्या मागचं मुरमाचं मैदान, फक्कीने आखलेली एकच लेन, बांबूचे आणि पाइपचे हर्डल. रोज सकाळी ही पावलांनी मोजून ते मांडते. हे मला तिच्या सरांनी नंतर सांगितलं. सर बिचारे कुंपणाच्या बाहेर उभे होते, आत सोडलंच नव्हतं त्यांना, गळ्यात पास नव्हता म्हणून.

तेवढ्यात इनचार्ज आले. "चला रे, उचला, पुढची इव्हेंट आहे." पोरांनी पहिल्या लेनपासून हर्डल उचलायला सुरुवातही केली. मला एवढंच कळलं की तो हर्डल एकदा हलला की संपलं, मग ही मुलगी आयुष्यभर सांगत बसेल आणि लोक हसतील. मी जाऊन पाच नंबरच्या दुसऱ्या हर्डलवर हात ठेवून उभी राहिली.

"मॅडम, उचलू द्या न, टाइम होऊन राह्यला."

"टेप आणा आधी."

"अवो, हरल्यावर सगळ्याइचेच हर्डल दूर असते."

हे वाक्य मला लागलं. खरं तर असं वाक्य आपण सगळेच रोज बोलतो, पोरगी काही म्हणाली की बहाणे नको करू म्हणतो. पण हरलेली मुलगी बहुतेक वेळा पायात गोळा आला म्हणते, धक्का लागला म्हणते, ही थेट आकडा सांगत होती. मी म्हटलं, तुमचं म्हणणं खरं असेल तर दोन मिनिटांत सिद्ध होईल, टेप आणा. माझा तिथे काही अधिकार नव्हता बरं का, विंड गेजवाल्या बाईने हर्डलच्या कामात बोलायचं नसतं. ते चिडले, चिडणारच. पण रेफरी सरांनी दुरून गर्दी पाहिली आणि चालत आले.

रेफरी सर म्हणजे सत्तरीच्या आसपासचा माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, आवाज कधी चढत नाही. त्यांनी मुलीला विचारलं, काय झालं बेटा. तिने परत तेच सांगितलं, साडेसदतीस आणि पस्तीस. सरांनी स्टीलची टेप मागवली, स्वतः वाकून एक टोक धरलं, दुसरं मी. नऊ मीटर, बरोब्बर नऊ. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत मोजलं, आठ. हर्डलच्या पायाखाली निळी खूण, आणि तिच्या अर्धा मीटर मागे पिवळी, उडालेली, पण होती. मग सरांनी खालची वजनं पाहिली. मुलांच्याच जागेवर. उंची तेवढी कमी केलेली होती, बाकी सगळं पोह्यांच्या आधीचं. म्हणूनच तो हर्डल पडला नाही आणि तिचा गुडघा फुटला.

आडवं उभं राहून पाहिलं असतं तर ती रांग वाकडी आहे हे लहान पोरालाही दिसलं असतं. पण आडवं कोण उभं राहतं, सगळे एक तर स्टार्टकडे, एक तर फिनिशकडे.

मग टेंटमध्ये जे सुरू झालं ते विचारू नका. एक म्हणाले, सातजणींच्या लेन बरोबर होत्या, रिझल्ट तसाच ठेवा, हिला पुढच्या वेळी. दुसरे म्हणाले, हिला एकटीला पळवा, टायमिंग घ्या, बसलं तर बसलं. त्यांच्यात एक नवीन मुलगा होता, तो म्हणाला रिओ ऑलिम्पिकला अमेरिकेच्या मुलींना रिलेच्या हीटमध्ये ब्राझीलवालीचा धक्का लागला, बॅटन पडलं, तेव्हा त्यांना एकट्यांना पळवलं होतं आणि त्या टायमिंगवर त्या फायनलला गेल्या. उदाहरण खरं आहे, 2016 चं, पुढे त्यांनी गोल्डसुद्धा घेतलं. पण रेफरी सर म्हणाले ती हीट होती, टायमिंगवर आत घेता येत होतं, इथे फायनल आहे, पहिली-दुसरी ठरवायची आहे, बाजूला कुणी नसताना पळालेली रेस आणि आठजणींत पळालेली रेस एक कशी म्हणायची. बरोबर बोलले.

मग कुणीतरी म्हणालं, पण मुलीने रेस पूर्ण केली, तेव्हाच थांबून हात वर करायचा होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, सर, हांगझोऊ आठवा. 2023 ची एशियन गेम्स, आपल्या हर्डलर ज्योती याराजीच्या बाजूच्या लेनमधली चीनची वू यान्नी गनच्या आधी निघाली, आणि ऑफिशियल लोकांनी ज्योतीलाही बाद म्हटलं. ज्योती हटली नाही, स्क्रीनवर व्हिडिओ दाखवा म्हणाली, शेवटी दोघींना पळू दिलं, ज्योती तिसरी आली 12.91 मध्ये, आणि नंतर वू बाद झाली तेव्हा ब्राँझचं सिल्व्हर झालं. त्या दिवशी समोर चीनचं स्टेडियम भरलेलं होतं आणि तिच्यामागे अख्खी भारताची टीम होती. इथे या पोरीचे सर कुंपणाच्या बाहेर उभे आहेत. तिने जेवढं करायचं तेवढं केलं, पावलांनी मोजून दाखवलं, आता आणखी काय करायचं होतं तिने?

जरा जास्तच बोलली मी बहुतेक. टेंटमध्ये शांतता झाली, एकाने चहा सांगितला.

रेफरी सरांनी चहा संपवला आणि म्हणाले, "चौऱ्याऐंशीला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषा 400 हर्डल्सला 55.42 पळाली, तिसरी आलेली 55.41. एका शतांशाने आपलं मेडल गेलं, आपण चाळीस वर्षं रडतो आहे. इथे तर अर्धा मीटर आहे." मग कागद ओढून लिहिलं, न्यायाच्या दृष्टीने स्पर्धा पुन्हा घेणं आवश्यक, निकाल रद्द, सर्व आठ स्पर्धक, दुपारी चार. रेफरीला तेवढा अधिकार नियमातच आहे. पाच वाजता घ्या म्हणत होते काहीजण, ऊन उतरेल म्हणून, पण सरांनी विचारलं की बाहेरगावच्या मुली परत कशा जाणार, आणि चार केलं.

इथपर्यंत वाचून वाटेल की न्याय झाला, छान. पण चार नंबरवालीचं काय? तिची लेन बरोबर, तिची रेस बरोबर, वारा बरोबर, तिने कुणाचं काही वाईट केलं नाही आणि तिचं आयुष्यातलं सगळ्यात भारी टायमिंग एका सहीने गेलं. तिचे वडील टेंटसमोर येऊन जे बोलले ते मी लिहू शकत नाही, पण त्यांच्या जागी मी असते तर मीही बोलली असती. त्यांनी डिपॉझिट भरून ज्युरीकडे अपील केलं, ज्युरीने फेटाळलं, तो वेगळा तमाशा.

ती चार नंबरवाली मुलगी बाथरूमच्या पायरीवर बसून रडत होती. मी जाऊन बाजूला बसली. पहिले ती बोललीच नाही, माझ्यामुळे झालं हे तिला माहीत होतं. मी म्हटलं, ज्योती याराजी माहीत आहे ना? मान हलवली. म्हटलं, विशाखापट्टणमची, वडील सिक्युरिटी गार्ड. 2020 च्या जानेवारीत मूडबिद्रीला युनिव्हर्सिटी मीटमध्ये ती 13.03 पळाली. तेव्हाचं नॅशनल रेकॉर्ड 13.38, अनुराधा बिस्वालचं, 2002 पासूनचं. म्हणजे सतरा-अठरा वर्षांचं रेकॉर्ड तिने तिथेच उडवलं. पण त्या मीटला डोप टेस्ट झाली नव्हती, म्हणून धरलंच नाही. मग 2022 च्या एप्रिलमध्ये कोझिकोडेला फेडरेशन कपमध्ये 13.09. परत रेकॉर्ड. वारा किती होता माहीत आहे? 2.1. दोनच्या वर एक दशांश. धरलं नाही.

मुलीने डोळे पुसत विचारलं, "मग?"

"मग पुढच्याच महिन्यात सायप्रसला, लिमासोलमध्ये, 13.23 पळाली, आणि ते धरलं. म्हणजे बघ, दोन वेळा जास्त चांगली पळाली ते कागदावर नाही, कमी चांगली पळाली ते रेकॉर्ड. तिथून मग त्याच वर्षी 12.82, पुढच्या वर्षी 12.78, बँकॉकला एशियन चॅम्पियन, आणि तिथलं टायमिंग किती? 13.09. कोझिकोडेचंच. पॅरिस ऑलिम्पिकला 100 हर्डल्स पळणारी पहिली भारतीय बाई, आणि 2025 ला गुमीमध्ये परत एशियन गोल्ड."

ती म्हणाली, "पण मॅडम, तिचं वाऱ्यामुळे गेलं. माझं दुसरीच्या हर्डलमुळे."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलं नाही.

दुपारी तीन वाजता रेफरी सर स्वतः टेप घेऊन आठही लेन फिरले, ऐंशीच्या ऐंशी. व्हॉलंटियर पोरं आता घाबरून एकेका हर्डलला दोनदोनदा खाली वाकून बघत होती. इनचार्ज साहेब माझ्याशी बोलत नव्हते, अजून बोलत नाहीत. मी परत विंड गेजवर. ऑक्टोबर हीट, ट्रॅकमधून वाफा, आणि दुपारून वारा फिरला होता, आता समोरून येत होता.

रेस झाली. चार नंबरवाली परत पहिली आली, यावेळी कुणाला काही बोलायला जागाच ठेवली नाही तिने, पण टायमिंग पंधराच्या वर. माझ्या यंत्रावर -0.8. भंडाऱ्याची मुलगी गुडघ्याला पट्टी बांधून पळाली, दुसरा हर्डल असा काही सुंदर गेली की मी यंत्राकडे बघायच्या ऐवजी तिच्याकडेच बघत होती (13 सेकंद यंत्र आपलं आपण मोजतं, काळजी नको). सातव्यापर्यंत दुसरी होती. आठव्याला थोडी लागली, तिथे एक मुलगी पुढे गेली. फोटो फिनिशमध्ये तिसरी. टीममध्ये दोनच घेणार होते.

मी भेटायला गेली तर सर सामान भरत होते, गणेशपेठहून भंडाऱ्याची बस धरायची होती आणि भंडाऱ्याहून गावची शेवटची एसटी. मला वाटलं पोरगी रडत असेल. ती तर्री पोहे खात होती, सकाळचे, थंड. मला बघून म्हणाली, "आठवा माझाच चुकला जी मॅडम. तो जागेवरच होता." आणि परत खायला लागली.

चार दिवसांनी सरांचा फोन आला. मॅडम, पन्नास मीटरची स्टीलची टेप नागपुरात कुठं भेटते, शाळेतून तर काही मिळणार नाही, मीच घेतो म्हणतो. मी म्हटलं इतवारीत लोहा ओळीत विचारा. मागून हिचा आवाज आला, फोन हिसकावून घेतला असणार.

"मॅडम, टेप नको जी, पावलानं जमते. त्या पैशात एक खरा हर्डल येते का?"

नाही येत. टेपच्या पैशात हर्डलची नुसती वरची पट्टी येईल कदाचित. पण आमच्या शाळेच्या स्टोअरमध्ये सहा हर्डल पडून आहेत, दोघांची पट्टी तुटलेली, एकाला चाक म्हणून सायकलचं काहीतरी लावलेलं, बाकीचे बरे आहेत, कुणी वापरत नाही कारण आमच्याकडे मुलं आता क्रिकेटशिवाय काही खेळत नाहीत. हेडमास्तर म्हणतात डेडस्टॉक रजिस्टरमधून काढल्याशिवाय देता येत नाही, आणि काढायला कमिटीची मीटिंग लागते, आणि मीटिंग दिवाळीनंतर. अर्ज दिला आहे. पोच घेतली आहे त्याची, शिक्क्यासकट.